सतरा नंबरचा डबा

डीनसाहेबांचा कागद आला तेव्हा डॉ. उर्मिला रंगा एका आजारी म्हशीचं रक्त बघत होत्या. पशुवैद्यक कॉलेजची नवी वेबसाइट होणार होती. प्रत्येक प्राध्यापकानं आपलं काम आणि संशोधनाची आवड यांवर दोनशे शब्द लिहून सोमवारपर्यंत द्यायचे होते.

शेजारच्या टेबलावरच्या डॉ. बीठूनं अर्ध्या तासात दोनशे चाळीस शब्द पाडले. त्याचं लग्न नुकतंच झालं होतं आणि त्याला कशाचाही उत्साह होता. कुत्र्यांचं मूत्रपिंड, त्यातली प्रथिनं, आंतरराष्ट्रीय सहकार्य, सगळं त्यात आलं. उर्मिलाबाईंनी तीन दिवस घेतले आणि लिहिलं, ‘रक्त. शक्यतो उंटाचं.’

कागद लगेच परत आला. डीनसाहेबांनी त्यावर लाल शाईनं एक मोठं प्रश्नचिन्ह काढलं होतं.

“मॅडम, थोडं तरी फुगवा,” बीठू म्हणाला.

“अरे, सव्वीस वर्षं हेच तर केलं. सकाळी काचेवर थेंब घ्यायचा, पसरायचा, रंग द्यायचा, बघायचं. ह्यात फुगवू काय?”

खरं तर त्यांना ते काम मनापासून आवडायचं. बाकी जनावरांच्या तांबड्या पेशी गोल असतात, उंटाच्या मात्र लांबट, काकडीच्या बियांसारख्या. त्या बिया काचेवर एका दिशेनं कलून पडलेल्या दिसल्या की उर्मिलाबाईंचा दिवस बरा जायचा. पण हे वेबसाइटवर कसं लिहिणार?

त्याच आठवड्यात ओगडराम रायका आला.

रायका म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या उंट पाळणारी माणसं. सत्तरीचा ओगडराम लाल फेटा बांधून, कानांत सोन्याच्या मुरक्या घालून, एका मरगळलेल्या उंटाला दोरीनं ओढत थेट प्रयोगशाळेच्या दारापर्यंत आला. दारातच गफूरभाईनं त्याला अडवलं. गफूरभाई तिथला तंत्रज्ञ, नोकरीला उर्मिलाबाईंपेक्षा दोन वर्षांनी जुना, आणि प्रयोगशाळेची फरशी ही आपली खाजगी मालमत्ता आहे असं मानणारा.

“उंट बाहेर! माणूस आत!”

“माणूस ठीक आहे रे. आजारी उंट आहे,” ओगडराम म्हणाला. “बाईसा, ह्याला तिबरसा झालाय. रक्त बघून चिठ्ठी द्या, म्हणजे दवाखान्यातून सुई मिळेल.”

तिबरसा हा उंटांचा जुना वैरी. माशी चावते, रक्तात किडा शिरतो आणि उंट तीन वर्षं झिजत झिजत मरतो. उर्मिलाबाईंनी रक्त घेतलं, काच तयार केली, तासभर बघितली. काकडीच्या बिया होत्या, किडा नव्हता.

“ओगडबा, तिबरसा नाही हा. काहीतरी दुसरं आहे.”

“आहे.”

“मी बघितलं ना. नाहीये.”

“मी हुंगलंय ना. आहे.”

बीठूनं मान वर केली. “काय हुंगलं?”

“ह्याच्या मुताची वाळू. मुठीत घ्यायची, गोळा करायचा, नाकाशी धरायचा. तिबरशाचा वास निराळा असतो. माझा बाप असाच ओळखायचा. तुम्हा लोकांना एवढी मोठी नळी लागते, आम्हाला ही दोन भोकं पुरतात.” त्यानं नाकाकडे बोट दाखवलं.

बीठू इतका हसला की त्याला ठसका लागला. उर्मिलाबाई हसल्या नाहीत, पण चिठ्ठीही दिली नाही. काचेवर जे दिसत नाही ते लिहायचं नाही, हा त्यांचा नियम. ओगडराम पुटपुटत उंट घेऊन निघून गेला.

चौथ्या दिवशी तो परत हजर. उंटाला सणकून ताप भरला होता. ह्या वेळी उर्मिलाबाईंनी ताजा थेंब तसाच सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्यांच्या तोंडून “अगं बाई!” निघून गेलं. पेशींच्या गर्दीतून किडे सळसळत होते. पेशींना धक्के मारत, शेपट्या हलवत.

चुकलं कुठे ते त्यांना लगेच कळलं. हा किडा रक्तात सतत दिसत नाही. ताप चढतो तेव्हा वर येतो, उतरला की दडी मारतो. पुस्तकात असतंच हे. त्या स्वतः दर वर्षी मुलांना हे शिकवत होत्या. पण किडा दडून बसलेला असताना ह्या म्हाताऱ्याला कळलं कसं?

“ओगडबा, इकडे या. एक डोळा मिटा आणि ह्यात बघा.”

ओगडरामनं फेटा मागे सारला आणि वाकून डोळा लावला.

“हाच का तो?”

“हाच.”

“एवढासा?” तो सरळ झाला. “माझ्या आज्याचे चाळीस उंट खाल्ले ह्यानं. मला वाटायचं, असेल काहीतरी दांडगं.” मग परत वाकला. “नाचतोय बघा कसा, हरामखोर.”

चिठ्ठी घेऊन तो गेला तरी उर्मिलाबाई खिडकीशी उभ्याच होत्या. मग वळून म्हणाल्या, “बीठू, हे तपासून बघायचं.”

“काय? वास?”

“वास.”

“मॅडम, विभागाची अब्रू...”

“अब्रूला काय होतंय? चोवीस उंट घेऊ. प्रत्येकाचं रक्त आणि प्रत्येकाची वाळू. डब्यांवर नुसते आकडे. कुठला डबा कोणाचा ते एका माणसालाच ठाऊक, आणि तो परीक्षेला हजर राहणार नाही. रक्त मी सूक्ष्मदर्शकाखाली बघीन, शिवाय मोठ्या यंत्रावरही घालू. ते किड्याचा कण असला तरी सांगतं. मग बघू कोण किती पाण्यात आहे. मीसुद्धा.”

तो एक माणूस म्हणजे अर्थातच गफूरभाई. रक्त काढायला त्याची हरकत नव्हती. पण उंटामागे परात घेऊन उभं राहायचं म्हटल्यावर तो दोन दिवस रुसला. उंट थेंब थेंब सोडतो, तेही मागच्या बाजूला, आणि मनात येईल तेव्हा. शेवटी तीन टोळ्यांत, म्हणजे उंटांच्या तीन कळपांत, हिंडून, चार वेळा पायजमा बदलून गफूरभाईनं चोवीस डबे भरले.

“आयुष्यात एवढी वाट मी माझ्या बायकोचीसुद्धा पाहिली नाही,” डबे मांडताना तो म्हणाला आणि कर्मचाऱ्यांच्या खोलीत कचोरी खायला निघून गेला.

परीक्षेला अर्धं कॉलेज लोटलं. उर्मिलाबाईंनी सगळ्यांना बाहेर काढून दार लावलं. आत त्या, वहीत टिपणारा बीठू, आणि खुर्ची नाकारून जमिनीवर मांडी घातलेला ओगडराम. तो एकेक गोळा उचले, डोळे मिटून हुंगे आणि सांगे. “निरोगी.” “निरोगी, पण ह्यानं कडुनिंब खाल्लाय.” “तिबरसा.” “तिबरसा, जुना.” दर चार डब्यांनंतर तो बाहेर जाऊन मोकळी हवा घेऊन येई. बीठूनं नाकाला रुमाल बांधला होता. तेराव्या डब्यापर्यंत तो सैल झाला आणि पुढे खिशातच गेला. पोरगा रंगला होता.

सतराव्या डब्याशी ओगडराम थांबला. हुंगला, खाली ठेवला, पुन्हा उचलून हुंगला.

“काय झालं?” बीठूनं विचारलं.

“निरोगी,” ओगडराम म्हणाला आणि अठरावा उचलला.

तीन दिवसांनी मोठ्या यंत्राचे आकडे आले. चोवीसांत नऊ उंट आजारी. त्या नऊंपैकी उर्मिलाबाईंना काचेवर पाच सापडले होते. ओगडरामच्या नाकानं सात पकडले होते. शिवाय दोन धडधाकट उंटांना त्यानं उगाच आजारी ठरवलं होतं.

“सात!” बीठू ओरडला. “मॅडम, तुमचे पाच, त्याचे सात!”

“ऐकू आलं मला.”

ओगडरामच्या नाकातून निसटलेले दोन म्हणजे चार नंबर आणि सतरा नंबर. गफूरभाईनं आपली यादी काढली. सतरा नंबर ओगडरामच्याच टोळ्यातली सांडणी होती. नाव रूपल.

उर्मिलाबाईंनी दुसऱ्याच दिवशी दवाखान्याची जीप काढली. ओगडरामचा डेरा कॉलेजपासून तासभर आत, खेजडीच्या झाडांत होता. त्याची बायको हंजा शेळ्यांना पाला घालत होती. ओगडराम रूपलच्या मानेवर हात ठेवून उभा होता. जीप बघून तो पुढे आला नाही.

“सतरा ना?” उर्मिलाबाई काही बोलायच्या आत त्यानंच विचारलं.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“डबा नाकाशी धरला आणि कळलं, ही रूपल. माझ्या उंटांचा वास मला कळणार नाही होय, बाईसा? आणि मागोमाग तो दुसरा वासही आला.” त्यानं सांडणीच्या मानेवरची लोकर उगाच सारखी केली. “दीड महिन्यात विणार आहे ही. तिबरशात गर्भ पडतो. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या डाक्टरणीची नळी चुकते, तर माझं नाकही एकदा चुकू दे.”

“अहो, पण मग सुई कशी मिळणार होती तिला? मी आले नसते तर?”

“आज येणारच होतो.”

“काल का नाही आलात? परवा?”

ओगडराम पुन्हा रूपलची लोकर सारखी करू लागला. शेळ्यांकडून हंजा म्हणाली, “तीन दिवस भाकरी अर्धी टाकून उठतोय. विचारलं तर म्हणे भूक नाही. दुनियेच्या उंटांना तोंडावर आजारी म्हणायला जीभ चुरूचुरू चालते ह्याची.”

जीपबरोबर दवाखान्याचा पशुवैद्य आलाच होता. रूपलला तिथंच सुई टोचली. ती एवढ्या जोरात ओरडली की शेळ्या पळाल्या, आणि ओगडराम तोंड फिरवून उभा राहिला. हंजानं उंटिणीच्या दुधाचा चहा केला. तो पिताना ओगडरामनं विचारलं, “आता वहीत काय लिहाल?”

“तुम्ही सांगा. तुम्हाला कळलं होतं, म्हणजे बरोबर धरायचं?”

“छे! तोंडानं निरोगी म्हटलं मी. चुकला असं लिहा. कारणही लिहा हवं तर.”

कॉलेजात परतल्यावर नेमका ह्याच्यावरून बीठू भांडायला उठला. परीक्षेच्या आधी अब्रूची काळजी करणारा हाच बीठू. “मॅडम, आठ धरा ना! त्याच्या नाकाला तर कळलंच होतं!”

“नाकाला काय कळलं ते मला दिसत नाही, बीठू. तो काय बोलला ते तुझ्या अक्षरात लिहिलेलं आहे. सात. आणि पहिली चूक माझी लिही. ज्याची परीक्षा, त्याचीच जनावरं त्यात घातली. डब्यावर आकडा टाकला म्हणजे ओळख पुसली, असं समजले मी.”

“आणि काचेचे पाच?”

“तेही लिही. ठळक.”

फेब्रुवारीत रूपल व्याली. पिल्लू हडकुळं होतं, पहिल्या दिवशी उभंच राहीना. ओगडरामनं त्याला आपल्या घोंगडीत घेऊन रात्र काढली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते चार पाय चार दिशांना टाकत आईखाली गेलं. ही बातमी त्यानं फोनवरून गफूरभाईला दिली. दोघांचं तोवर चांगलंच जमलं होतं.

मार्चच्या पहिल्या सोमवारी उर्मिलाबाई कामावर आल्या तर प्रयोगशाळेच्या ओट्यावर अकरा रायका बसलेले. लाल फेटे, काठ्या, प्रत्येकाच्या मांडीवर भाकरीची एकेक पुरचुंडी. मध्ये ओगडराम बसला होता, पण त्याचा चेहरा जरा उतरलेला. सगळ्यांत पुढे हंजा होती, हातभर पांढऱ्या बांगड्या घातलेली.

“हे काय, ओगडबा?”

“मी नाही आणलं कोणाला. आपणहून आलेत. म्हणतात, ओगडच्या नाकात एवढं काय आहे? आमचीही परीक्षा घ्या.”

“ह्याच्या नाकात काय असणार?” हंजा म्हणाली. “लग्न होऊन आले तेव्हा ह्याला ओला गोळा आणि सुका गोळा कळत नव्हता. मी शिकवलं. बापानं शिकवलं म्हणून सांगत फिरतो.”

ओट्यावर हशा पिकला. ओगडराम फेटा नीट करू लागला.

“दहात किती ओळखाल, हंजाबाई?” उर्मिलाबाईंनी विचारलं.

“दहात नऊ. आणि दहावा कोणाचा आहे ते आधी बघून घेईन.”

गफूरभाई कपाळाला हात लावून परात शोधायला गेला. बीठूनं आतून आणखी दोन सतरंज्या आणल्या. उर्मिलाबाईंनी पदर खोचला, नवी वही उघडली आणि म्हणाल्या, “ज्याचे त्याचे उंट सांगा आधी. ह्या वेळी ज्याची परीक्षा, त्याच्या घरचं एकही जनावर डब्यात जाणार नाही.”

“आणि नवऱ्याचं?” हंजानं विचारलं.

“ते तर मुळीच नाही,” उर्मिलाबाई म्हणाल्या, आणि पहिलं नाव लिहून घेऊ लागल्या.