मुळीचा रुसवा

हजारभर माणसांसमोर आमचे भावजी त्या मुळीबाबाच्या खुर्चीशेजारी उभे राहिले आणि त्याच्या शब्दाशब्दाला मान डोलावत राहिले, ही माझी तक्रार आहे. बाकीच्यांचं सोडा. दुखण्यानं गांजलेला माणूस, कुणी आशा दाखवली की रांगेत उभा राहणारच. पण पस्तीस वर्षं प्रयोगशाळेत घालवलेल्या माणसानं माईक हातात घेऊन सांगावं, "या पुडीत खरोखर ती मुळी आहे, मी स्वतः तपासलं आहे"?

सभागृहात उभं राहायलाही जागा नव्हती. एक म्हातारी काठी टाकून व्यासपीठावर चालून दाखवत होती आणि लोक डोळे पुसत होते. बाबा अगदी हळू, साखरेत घोळून बोलायचा. "मी कोण? मी काहीच नाही. करते ती मुळी. तिला कान आहेत बरं का. डॉक्टरचं नाव काढलंत की ती रुसते. पुडी चुकवलीत की रुसते. आणि ती रुसली की माणूस आडवा होतो. आता तर विज्ञानानंही तिच्यापुढे हात टेकलेत." असं म्हणून त्यानं चौकटीत बसवलेला एक छापील कागद उंच धरला. तो भावजींचा जुना निबंध होता. त्यावरच्या रेणूच्या षटकोनी आकृत्या त्यानं मुळीचं कवच म्हणून दाखवल्या, आणि ज्यांनी त्या काढल्या ते भावजी गप्प उभे होते.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा शाळेत जात होते. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण त्यांची परीक्षा असली की घरात मोठ्यानं कुणी शिंकायचं नाही असा कायदा मी केला होता. पुढे रसायनशास्त्रज्ञ झाले आणि जन्म एका मुळीला वाहिला. पोती पोती मुळ्या वाळवायच्या, कुटायच्या, अर्क काढायचा, आटवायचा, आणि शेवटी चिमूटभर खडे हाती लागायचे. मग त्या खड्यांच्या रेणूची रचना शोधायची, म्हणजे कोणता अणू कोणाला धरून बसलाय ते. अकरा वर्षं गेली त्यात. शेवटची चार वर्षं तर एकच अणू वर तोंड करून आहे की खाली, एवढ्यावर.

"विचारून टाका ना त्याला," मी म्हणायचे.

"वहिनी, तेच तर करतोय," ते म्हणायचे.

रचना सापडली, नाव झालं. त्या द्रव्यानं उंदरांची सूज उतरली. माणसांवर मात्र काही सिद्ध होईना, वरच्यांनी काम बंद केलं, आणि भावजी निवृत्त होऊन खिडकीत बसले. कुणी मुळीचा विषय काढला की पाणी प्यायला उठायचे.

त्यात माझी धाकटी जाऊ, म्हणजे त्यांची बायको, संधिवातानं बेजार. उभा जन्म शिवणकामात गेला आणि आता बोटं अशी आखडलेली की सुई धरवेना. कुणीतरी पुडी आणून दिली. तिसऱ्या दिवशी तिनं सदऱ्याला काजं केली. भावजी ती काजं हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिले. मग पुडी घेऊन प्रयोगशाळेत गेले आणि लहान मुलासारखे हसत परत आले. "माझंच द्रव्य आहे, वहिनी. इतक्या वर्षांनी चाललं."

मी काय बोलणार? घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसत होतं. आणि लगेच त्या सभेत ते बाबाच्या खुर्चीशेजारी उभे राहिले.

पण डोळे माझे उघडे होते. महिन्याभरात जावेचं तोंड वाटोळं झालं. भूक अशी की जेवून उठली की पुन्हा डबे उघडायची. झोप नाही. जरा कुठे टेकलं की अंगावर निळा डाग. "बाळसं धरलंस गं," मी म्हटलं, तर म्हणाली, "जाऊबाई, नजर लावू नका." मी तिला ओढतच आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं आणि रक्त तपासायला दिलं.

नेमका त्याच आठवड्यात बाबा परगावी गेला आणि पुड्या संपल्या. तिसऱ्या दिवशी जाऊ अंथरुणातून उठेना. उलट्या, डोळ्यांसमोर अंधार, बसवलं की कोलमडायची. शेजारणी दारात उभ्या राहून कुजबुजल्या, "रक्त दिलं ना डॉक्टरकडे. रुसली मुळी." मी रिक्षा बोलवायला निघाले, तेवढ्यात बाबाचा माणूस पुडी घेऊन आला. दुपारी घेतलेल्या पुडीवर संध्याकाळी ती उठून बसली. गल्लीनं दारासमोर हात जोडले. भावजी भिंतीला टेकून उभे होते, आणि त्यांच्याही तोंडावर मला भीती दिसली. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी पुडीतले काटेरी तंतू जावेच्या घशात अडकायला लागले, म्हणून मी ती पातळ फडक्यातून चाळली. जन्मभर पिठं चाळली आहेत मी. एका वस्तूचं पीठ खालीवर सारखंच दिसतं. इथे फडक्यावर तपकिरी तंतू उरले आणि खाली पांढरीशुभ्र पिठी पडली. मुळी आतून-बाहेरून तपकिरी. मी बशी नेऊन भावजींपुढे ठेवली.

"ही कुठली?"

"काहीतरी पिष्ट असेल. वहिनी, मी तपासलंय."

"काय शोधलंत तपासताना?"

"माझं द्रव्य."

"ते सापडलं. त्याच्याबरोबर आणखी कोण बसलंय, ते बघितलंत?"

ते उठून चपला घालायला लागले. मी माझ्याही घातल्या.

प्रयोगशाळेत त्यांची जुनी विद्यार्थिनी आता प्रमुख आहे. तिनं पांढरा लेप दिलेली काचपट्टी घेतली. तिच्यावर खालच्या कडेला तीन ठिपके दिले: पुडीचा अर्क, भावजींचं शुद्ध द्रव्य, आणि जावेच्या रक्ताचा अहवाल बघून डॉक्टरीणबाईंना जिचा संशय आला होता त्या औषधी गोळीचं द्रावण. पट्टी द्रवात उभी केली. टिपकागदावर शाई चढते तसे ठिपके वर चढले, ज्याचं त्याचं ठिकाण वेगळं. पट्टी वाळल्यावर तिनं फवाऱ्याची बाटली बाजूला सारली आणि आधी निळा, अतिनील किरणांचा दिवा लावला, तशी सगळी पट्टी चमकली. पुडीच्या रेघेत दोन डाग होते. एक अगदी अंधुक, भावजींच्या द्रव्याच्या उंचीवर. दुसरा काळाभोर, आणि तो बरोबर गोळीच्या डागाच्या उंचीवर.

"सर, तुम्ही त्या दिवशी दिवा लावला नव्हता?" तिनं विचारलं.

"फक्त फवारा मारला," भावजी म्हणाले. तो फवारा त्यांच्या द्रव्यालाच नारिंगी करतो, या दुसऱ्याला तो शिवतही नाही. एवढं मला त्यांनीच सांगितलं, खाली बघत. तिनं मोठ्या यंत्रावरही खात्री केली. पुडीत मुळी होती नावापुरती. काम करत होती ती कुटून घातलेली स्टिरॉइडची गोळी.

डॉक्टरीणबाईंनी उरलेलं सांगितलं. तसलं द्रव्य आपलं शरीर रोज थोडं बनवत असतं. बाहेरून भरपूर मिळालं की ते बनवायचं सोडून देतं. मग बाहेरचं एकदम थांबलं की शरीराकडे काहीच उरत नाही, आणि माणूस आडवा होतो.

"म्हणजे मुळीचा रुसवा तो हाच," मी म्हटलं.

"हाच. म्हणून आताही एकदम बंद करायचं नाही, जिवावर बेतेल. माझ्या देखरेखीखाली हळूहळू उतरवायचं."

जावेला हे सांगताना मला जड गेलं. तिनं आपली बोटं एकदा उघडली, एकदा मिटली. "म्हणजे ही पुन्हा आखडणार," एवढंच म्हणाली.

पुढच्या सभेला आम्ही सगळे गेलो. काचपट्टी आणि दिवा घेऊन डॉक्टरीणबाई आणि भावजी व्यासपीठावर चढले. बाबा हसला. "मुळी प्रकाशात लाजते, माउली. विजेच्या दिव्यात ती कशी दिसेल?" लोक हसले. भावजींनी डाग दाखवले, गोळीचं सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "या प्रकरणी विज्ञानाची दिशाभूल करण्यात आली."

मागून एक बाई उठली. तिच्या कडेवरच्या पोरीला दम्यासाठी तीच पुडी चालू होती. "साहेब, मागच्या सभेत तुम्हीच म्हणालात ना, तपासलंय म्हणून? मग आजचं तरी खरं कशावरून?"

"ती... ती प्राथमिक चाचणी होती," भावजी अडखळले.

"बघा," बाबा म्हणाला, "रुसली. साहेबांची जीभ बांधली तिनं."

लोकांच्या माना बाबाकडे वळायला लागल्या. त्या बाईनं पोरीला पदराआड घेतलं. मी पहिल्या रांगेतून उठले आणि माईकशिवायच बोलले.

"भावजी, पुडीत गोळी कुटून घातली ते पाप त्या बाबाचं, त्याचं काय करायचं ते पोलीस बघतील. पण या लोकांनी ती पुडी तुमच्या शब्दावर गिळली. विज्ञानाला कुणी फसवलं नाही. तुम्हाला जे दिसायला हवं होतं तेवढंच तुम्ही पाहिलंत, आणि दिवा लावायचा कंटाळा केलात. या बाईला तसंच सांगा, सरळ शब्दांत. कारण तिनं उद्या पुडी एकदम थांबवली तर पोर आडवी होईल, आणि तशीच चालू ठेवली तर पोर आतून पोखरली जाईल. तिनं आज कुणाचं तरी ऐकायला हवं, आणि चूक कबूल न करणाऱ्याचं ती ऐकणार नाही. तुम्ही हुशार आहात, मी तुम्हाला वाढवलंय, मला माहीत आहे. तरी माझा निकाल ऐका: यापुढे दाखवल्याशिवाय मी तुमचाही शब्द मानणार नाही, आणि इथल्या एकानंही कुणाचाच मानू नये."