तीनदा वाजलेली कडी

मी एक जुनी कडी आहे, खालांच्या दारावरची. मित्रांनो, लोखंडाची असले तरी माझा जीव भारी भित्रा. लोहाराने मला ठोकून आकार दिला, तेव्हापासून आता कोण येईल आणि मला कसं बडवील याचीच धास्ती. पोस्टमन खडखडाट करतो, मुलं उगाच वाजवून पळतात. मला नीट हात लावणारे एकच, समोरच्या घरातले शिंपी मास्तर.

खाला, म्हणजे साऱ्या गल्लीची म्हातारी मावशी, एकट्या राहतात. दुकानात जाताना मास्तर रोज येतात. आत नजर जाऊ नये म्हणून दाराच्या बाजूला उभे राहतात, मला हलकेच वाजवतात आणि सलाम करून विचारतात, "खाला, बाजारातून काही आणायचंय?"

त्यांची बायको एकदा हसून म्हणाली, "रोजचंच तर घर! ढकला की दार."

"अगं, आपल्या पैगंबरांनी, नबींनी शिकवलंय, तीनदा परवानगी मागायची. नाही मिळाली तर मुकाट परत फिरायचं. नुसती तोंडाने त्यांची तारीफ करून काय उपयोग?"

मला ते फार आवडलं होतं. पण गेल्या महिन्यात याच गोष्टीने घात होता होता राहिला.

एका सकाळी खाला मोरीजवळ घसरून पडल्या. मला धडपड ऐकू आली, मग कण्हणं. दाराला आतून खिट्टी लावलेली. थोड्या वेळाने मास्तर आले. त्यांनी मला वाजवलं, थांबले. पुन्हा वाजवलं, थांबले. तिसऱ्यांदा वाजवलं. आणि परत फिरले!

मित्रांनो, मी काय करणार? मला वाजता येतं, पण कुणी वाजवलं तरच. माझा जीव टांगणीला लागला.

पायरी उतरताना मास्तरांची नजर दुधाच्या पिशवीवर गेली. ती तशीच पडलेली. ते घुटमळले. मग स्वतःशीच पुटपुटले, "शेजाऱ्याचा हक्कही नबींनीच सांगितलाय," आणि त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, धावत ये! आत आधी तू जा."

दोघांनी खांद्याने दार तोडलं. मी स्क्रूसकट उखडून फरशीवर आदळले. बायको आत धावली. तिने बोलावेपर्यंत मास्तर दाराकडे पाठ करून उभे होते.

खालांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. त्या दवाखान्यातून घरी आल्यावर मास्तरांनी मला पुन्हा बसवलं आणि मान खाली घालून म्हणाले, "माफ करा, खाला. परवानगी नसताना दार तोडलं."

"नसताना कशी?" खाला म्हणाल्या. "तू तीनदा वाजवलंस, मी तीनदा 'ये' म्हणाले. आवाजच फुटत नव्हता रे."

मास्तरांना रडू आवरेना.

मित्रांनो, आता मी थोडी वाकडी आहे आणि पूर्वीपेक्षा जास्त काळजी करते. तुम्हीही थोडी करा. शेजारचं दार अदबीने वाजवा, उत्तर नाही आलं तर परत फिरा. पण दोन पावलांवर थांबून एकदा मागे वळून बघा. आतून कुणीतरी 'ये' म्हणत असेल.