शेवटच्या बाटलीचा साका

यॉर्कशरमधली ती ब्रुअरी बंद पडली आणि 'टॅलो लेन' ही तिची काळी बिअरही गेली. क्लिफर्डच्या फडताळात थोड्याच बाटल्या उरल्या, त्याही त्याच्या बायकोने, हिल्डाने, मरण्याआधी जपून ठेवलेल्या. दर रविवारी जेवणाआधी नवराबायकोत एक बाटली, हा त्यांचा नेम. ती चव घरी जमवायचीच, असा ध्यास क्लिफर्डने घेतला.

मदतीला नॉर्मन होता. जुना दोस्त, उभा जन्म त्याच ब्रुअरीत घालवलेला.

"जव कितीही भाज रे, खरी चव यीस्टची," तो म्हणायचा. "बाटलीच्या तळाला साका असतो ना, त्यातलं यीस्ट वाढव."

मग हिल्डाची एक बाटली उघडायची. साका बरणीत जायचा, वरची बिअर दोघं प्यायचे. नॉर्मन डोळे मिटून घोट घोळवायचा. क्लिफर्डला वाटे, याला हिल्डा आठवतेय. घरची बिअर मात्र दर वेळी फसायची. शेवटच्या बाटलीला क्लिफर्डचा हात अडला.

"उघड रे, या वेळी जमेल," नॉर्मन म्हणाला.

नाहीच जमलं.

वसंतात पबच्या मागच्या खोलीत घरगुती बिअरची स्पर्धा झाली. ग्लासांवर नावं नव्हती. काळ्या बिअरचा एक ग्लास तोंडाला लावताच क्लिफर्डला सगळ्यांदेखत रडू फुटलं. हीच ती! त्याच ग्लासाला पहिला नंबर मिळाला, आणि नाव पुकारलं गेलं ते नॉर्मनचं.

"यीस्ट कुठलं?" क्लिफर्डने त्याला गाठलं.

"ब्रुअरीचंच. बंद होताना घरी आणलं होतं." नॉर्मनने नजर चुकवली. "बाटलीत भरताना फेसापुरतं दुसरंच यीस्ट घालायचे. चव देणारं मूळचं आधीच गाळून टाकायचे. साक्यात ते नसायचंच."

"आणि तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग माझ्या बाटल्या का उघडायला लावल्यास?"

"माझी बिअर जुळतेय का, ते ताडून बघायला मूळची हवी होती. मागितली असती तर दिली असतीस?"

गोगलगाय नि पोटात पाय! केसाने गळा कापला होता मेल्याने. दिली असती ना. हिल्डा असती तर तिनेच आणून हातात ठेवली असती.

"घे, घरी ने," म्हणत नॉर्मनने एक बाटली त्याच्या कोटाच्या खिशात घातली.

रविवारी जेवणाआधी क्लिफर्डने ती उघडली. चव अगदी तीच होती. पण पहिल्याच घोटाला समोर आला तो डोळे मिटून पिणारा नॉर्मन. हिल्डा आलीच नाही.

त्याने उरलेली बिअर मोरीत ओतली, साक्यासकट.