तिच्या कण्याच्या टोकाशी मी होतो

मी माकडहाड बोलतोय. नावाला हसू नका. पाठीच्या कण्याच्या अगदी शेवटी, बोटाच्या पेराहून थोडा मोठा असा मी. सध्या मात्र काचेच्या बरणीत, औषधाच्या पाण्यात बुडून आहे.

जिच्या अंगात मी वाढलो, ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते. कितीतरी वर्षं ती स्टुलावर बसली, पण मी आहे हे तिच्या गावीही नव्हतं. हाडाला याहून सुखाचं आयुष्य नसतं.

मग तिची लेक जन्मली. बाळंतपण अडलं, बाळाचं डोकं माझ्यावर रेटलं गेलं आणि मी कडकन मागे वाकलो. या जगात त्या पोरीची पहिली गाठ पडली ती माझ्याशी.

तेव्हापासून आई बसली की मी पेटायचो. उठताना तर तिचा श्वासच अडकायचा. ती उभ्यानं जेवू लागली, उभ्यानं भिंगं घासू लागली, पोरीला कुशीवर निजून पाजू लागली. पोरीला घ्यायला तिला मांडीच उरली नाही.

"एक्स-रेत तर फारसं काही नाही," नवरा म्हणाला. "तू मनाला लावून घेतलंयस."

"मग तूही घे की थोडं," ती म्हणाली.

उपाय मात्र पुष्कळ झाले. मागे खाच असलेली उशी आली. गोळ्या झाल्या, शेक झाला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी आवळून बसलेले स्नायू सैल सोडायला शिकवलं. एका डॉक्टरांनी हातमोजा घालून, आतून बोटानं मला धरून हलवलं. मग माझ्याभोवती इंजेक्शन दिलं. मी बधिर झालो, ती हसली. काही आठवड्यांनी मी पुन्हा जागा झालो.

पोर मोठी होत होती. तिला ठकू म्हणत. एकदा आई ओट्यापाशी उभी असताना तिनं आईच्या कमरेखाली कान लावला.

"आई, इथं कुणीतरी दात खातंय."

"कोण गं?"

"मला ओळखतं ते."

आईच्या हातातली वाटी निसटली. त्याच आठवड्यात ती सर्जनबाईंकडे गेली.

"काढता येईल," बाई म्हणाल्या. "पण बाकी सगळं करून झाल्यावरच आम्ही या वाटेला जातो. बऱ्याच जणांना आराम पडतो, सगळ्यांना नाही. जागा अवघड, जखम चिघळू शकते. आणि बरं वाटायला कित्येक महिने जातात."

"काढा," ती म्हणाली. "आणि ते मला द्या."

कापताना मला दुखलं नाही. उजेड तेवढा भयंकर होता. तपासणी उरकल्यावर तिनं हट्टानं मला घरी आणलं आणि फळीवर ठेवलं.

जखम खरंच चिघळली. ती पालथी पडून राहिली, कण्हली, हळूहळू सावरली. मग एका दुपारी उशी न घेता खुर्चीत बसली.

"ठकू, ये."

मांडीवर कसं बसतात हे पोरीला माहीतच नव्हतं. ती समोर नुसती उभी राहिली. शेवटी आईनंच तिला उचलून घेतलं.

त्याच क्षणी मी पेटलो. दोघींचा भार माझ्यावर आला. बरणीतलं पाणी हललं.

"दुखतंय?" नवऱ्यानं दारातून विचारलं.

"नाही रे," ती रडत म्हणाली. "काहीच नाही."

दुखणं गेलं नव्हतं, माझ्याबरोबर बाहेर आलं होतं. आता ती बसते आणि मी सोसतो. माझी तक्रार नाही.

पण नवऱ्यानं माझा धसका घेतलाय. घरात कुणी चालत नसताना बरणीतलं पाणी हलतं, हे त्यानं पाहिलंय. उद्या तो मला इस्पितळाच्या भट्टीत देऊन येणार आहे. जळायला माझी ना नाही. पण मी राख झालो की हे दुखणं कुठे जाईल? त्याला दुसरं एकच घर ठाऊक आहे.

आत्ता ती खुर्चीत बसली आहे आणि ठकू मांडीवर झोपली आहे. तुमच्यापैकी कुणाला उत्तर माहीत असेल, तर आजच सांगा. भट्टी सकाळी पेटते.