समाधानचा बॅज आणि नानांची केळी

समाधान मला पाहायला आला तो छातीवरचा बॅज न काढताच. भडगावच्या एका दवाखान्यात तो एक्स-रे काढतो. ड्युटी संपली तसा थेट एसटीत बसला आणि चोपड्याजवळच्या आमच्या गावी उतरला. बॅज तिथेच ठेवून यायचा असतो. निव्वळ वेंधळेपणा! तरी मुलगा मला आवडला. त्याने माझं बी.एस्सी. कसं चाललंय ते विचारलं, स्वयंपाकाचं नाही.

"हाई काय शे?" तोताराम नानांनी बॅजकडे बोट केलं. नाना म्हणजे माझे मोठे काका. आमच्या घरात लग्नाचा होकार त्यांच्याच तोंडून निघतो.

"अंगावर किती किरणं पडली, ते यावरून मोजतात," समाधान म्हणाला.

झालं! अख्खी बैठक हातभर मागे सरकली. काकूने तर त्याचा रिकामा कप चिमटीत धरून उचलला.

"पोरगा चांगला शे," नाना म्हणाले, "पन ते किरन बठ्ठं आंगमा भरेल व्हई. पोरंसोरं कशी व्हतीन?"

माझं डोकं फिरलं. पाहुण्यांसमोर मुलीने बोलायचं नसतं म्हणे. गेलं उडत! "नाना, किरणं काय कणगीत साठवायची ज्वारी आहे? बटण बंद, किरणं बंद. चालू असताना ती अणूतला इलेक्ट्रॉन उडवतात, मागे आयन उरतो. असं फार झालं तर पेशी बिघडतात. म्हणून तर हा शिशाच्या भिंतीआड उभा राहतो!"

"माले शिकाडू नको."

"मग हेही ऐका. तुमच्या मळ्यातल्या केळीत पोटॅशियम असतं. त्यातला दहा हजारांत एखादा अणू किरणोत्सारी. तो आपोआप फुटतो आणि किरणं सोडतो. त्याला तर बटणही नाही!"

काकूने पाहुण्यासाठी सोलायला घेतलेलं केळं हळूच ताटात ठेवलं. नाना ताडकन उठून गेले. होकार राहिला बाजूला. पाहुणे गेल्यावर मी उशीत तोंड खुपसून रडले.

सकाळपर्यंत गावभर झालं, तोतारामच्या केळीत अणुबॉम्ब. घड कापायला माणसं घेऊन आलेला व्यापारी झुलाल बांधावरच थांबला, मळ्यात पाय टाकेना. नानांची बोबडी वळली. "पोरी, सांग ना त्याले!"

मी सांगितलं, ते अगदी किंचित असतं, तुमच्या-आमच्या अंगातही तेच पोटॅशियम आहे. झुलाल म्हणाला, कालची पोर, तिला काय कळतं?

नानांनी माझा मोबाइल ओढून समाधानला फोन लावला. नंबर माझ्याकडे कसा, हे विचारायचं भानही त्यांना नव्हतं. "आमना मानूस रोज किरनमा काम करस!" ते झुलालवर खेकसले. "त्याले इचार!" मग फोनमध्ये ओरडले, "जवाईबापू, सांगा हो या येड्याले, केळी खावानी का नही?"

जवाईबापू! बांधावर निम्मं गाव उभं होतं, सगळ्यांनी ऐकलं. मी तिथेच मटकन बसले आणि डोळे पुसत हसत सुटले.