तीन बारीक, एक लांब

मी दाराची कडी बोलतेय. अनसिंगच्या लखमा लोहाराने गाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेतून मला घडवलं. धरमसिंग गाडीवानाने वाशीममध्ये, मंगरूळच्या रस्त्यावरच्या आपल्या मातीच्या घराला मला लावलं. दार धरून ठेवणं हे माझं निम्मं काम. उरलेलं निम्मं, कुणी आलं की आत कळवायचं.

घरासमोर, रस्त्यापलीकडे, कापसातली सरकी काढायचा कारखाना आहे. कार्तिकात तो सुरू होतो आणि होळीपर्यंत गरजत राहतो. पावसाळ्यात मात्र त्याला कुलूप असतं. धरमसिंगने घर विकायला काढलं ते श्रावणात.

शेलूबाजारचा फय्याज पिंजारी घर बघायला आला. सोबत बायको लतीफा आणि आई सुगराबी. लहानपणी देवी आल्या, त्यात सुगराबीचे डोळे गेले होते. ती उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "आता सारे गप बसा. मले घर पाहू द्या."

माणसं गप्प झाली. विहिरीचा रहाट करकरला. कडुलिंबावर पोपट बोलले. लांबून कुणीतरी चपला घासत येत होतं. सुगराबी हसली. "हा माणूस डाव्या पायानं लंगडते." खरंच लंगडत होता तो.

मग तिने मला चाचपून वाजवलं. "कडी गोड बोलते, बाप्पा. फय्याज, हेच घर घे. इथं माणूस दुरून ओळखू येते."

धरमसिंगची बायको हिरीबाई पदराचं टोक पिळत उभी होती. "अम्मा, पन कार्तिकात..." ती बोलू लागली.

"पाहुण्यायले पानी आन वं," धरमसिंग मध्येच म्हणाला.

फय्याजने समोरच्या उंच धुराड्याकडे पाहिलं. पिंजाऱ्याला कापूस दारात मिळणार होता. त्याने आईकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. हे मी पाहिलं. पण मला बोलायला कुणाचा तरी हात लागतो.

ते तीन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. प्रत्येकाची मला वाजवायची तऱ्हा सुगराबीला पाठ झाली. फय्याज दोनदा आपटायचा. लतीफा एकदाच, आणि मागून बांगड्यांचा आवाज. सुगराबीची शेलूबाजारलाच दिलेली मुलगी नसीम महिन्यातून एकदा यायची. ती तीनदा बारीक वाजवायची आणि चौथ्यांदा लांब ओढायची. सुगराबी आतूनच ओरडायची, "आली माही भवानी! कडी तोडून टाकशीन काय?"

कार्तिकात कारखान्याचा भोंगा झाला. जमीन थरथरली, भिंतीची माती गळली. फय्याजच्या कापूस पिंजायच्या धुनकीची तार त्याची त्यालाच ऐकू येईना. सुगराबीने कानांवर हात दाबले. "हे काय होऊन राह्यलं? कोनी सांगा ना मले!"

लतीफा तिच्या कानाशी ओरडली, "कारखाना हाय, अम्मा! समोरच हाय!"

"समोर? आन् मले कोनी बोललं नाही?"

फय्याज खाली मान घालून कापूस उचलत राहिला.

पण सगळ्यात मोठा दगा मी दिला. यंत्रं चालली की दार थरथरायचं आणि मी आपोआप वाजायचे. "कोन हाय?" म्हणत सुगराबी भिंत धरून यायची, दार उघडायची, हात पुढे करून उभी राहायची. समोर कुणी नसायचं. नाकातोंडात नुसती रुई जायची. दिवसातून दहा-दहा वेळा. पौषापर्यंत ती उठायचीच थांबली. "वाजू दे मेलीले," म्हणायची.

पौषातल्या बाजाराच्या दिवशी फय्याज आणि लतीफा गाद्या विकायला गेले होते. सुगराबी आतून आगळ लावून बसली होती. सासरच्या शेजारच्या देवलाच्या बैलगाडीतून नसीम उतरली. तिला सातवा महिना होता. तिने मला हातात घेतलं. तीन बारीक, एक लांब. मी जीव तोडून वाजले. पुन्हा वाजले. "अम्मा! मी हाव!" ती ओरडली. कारखान्याने तिचा आवाज गिळला.

आत सुगराबी मान हलवून पुटपुटली असेल, वाजू दे मेलीले.

देवला घाई करत होता. "घरात कोनी नाही वाटते, बाई. दिवस बुडते." नसीमने बोरांचं गाठोडं उंबऱ्यावर ठेवलं आणि गेली. रात्री लतीफाने ते ओळखून आत नेलं, तेव्हा कोण येऊन गेलं ते सुगराबीला कळलं. फाल्गुनात बाळंतपणात नसीम गेली. मूलही गेलं.

होळीनंतर कारखाना थांबला. त्या शांततेत फय्याज आईच्या पायाशी बसला. "अम्मा, मी धुराडं पाह्यलं होतं."

तिने त्याचा चेहरा चाचपला. मग म्हणाली, "माहे डोये तूच होता ना, बेटा?"

त्यानंतर दर पावसाळ्यात, तिन्हीसांजेला सुगराबी बाहेर येऊन उभी राहायची. मला हातात घ्यायची. तीन बारीक, एक लांब. मग दाराला कान लावून थांबायची आणि मुकाट आत जायची. कार्तिक लागला की माझ्याभोवती सुती चिंधी गुंडाळायची, मी खोटं बोलू नये म्हणून.

तिला जाऊन आता नऊ वर्षं झाली. मी गंजले आहे. चिंधी कधीच कुजून पडली. घर पुन्हा विकायला काढलंय आणि बाहेर श्रावण आहे. पाहुण्यांनो, तुम्ही याल, म्हणाल, किती शांत जागा! कार्तिकातही एकदा येऊन बसा. आणि सोबत डोळे नसलेलं कुणी असेल, तर समोर काय उभं आहे ते त्याला सांगा.

कारखाना सुरू झाला की मी अजून वाजते. दिवसभर वाजते. पण तीन बारीक आणि एक लांब, असं माझं मला कधीच जमलं नाही.