सातमची दोन मिनिटं

मोरबीत टाइल्सच्या कारखान्यांना सुट्टी मिळते, भट्ट्यांना मिळत नाही. श्रावणातल्या सातम-आठमला, म्हणजे शीतळासप्तमी-गोकुळाष्टमीला, माल बंद ठेवला तरी मंद आच लागतेच, आणि आतले रोलर फिरते ठेवावे लागतात. तापलेला रोलर थांबून राहिला की वाकतो. म्हणून दर सणाला आम्ही तिघं अडकायचो: पॅनलवरचा रमणीक, साफसफाईचे देवशीकाका आणि इलेक्ट्रिकचा मुख्य म्हणून मी.

यंदा मी सुटलो. कारखान्यातला कॉम्प्युटर घरबसल्या चालवता येईल असं सॉफ्टवेअर मीच बसवलं होतं. सोय मोठी झाली. बिघाड झाला की अहमदाबादचा मेकॅनिक पूर्वी दुसऱ्या दिवशी उगवायचा, आता तो खुर्चीतून उठतही नाही. मालक मावजीशेठ तर जेवताना मोबाइलवर भट्टीचा आकडा बघतात आणि आकडा चढला की स्वतःच पाणी पितात. सगळे त्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचे ते मात्र रमणीकच्या नावाने. त्याचं नाव आधीपासून होतं, पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला होता. नवीन नावं बनवायचं काम माझं. मी ते दिवाळीनंतर करणार होतो.

सातमला आमच्याकडे चूल पेटवत नाहीत. थंड चुलीला कुंकू लावतात, आदल्या दिवशीचं खातात. भट्टी थंड करता येत नाही, म्हणून कामगारांनी शीतळामातेशी तडजोड केलेली: सकाळी रोलर दोन मिनिटं थांबवायचे, रोलर फिरवणाऱ्या साखळीवरचं झाकण काढायचं आणि साखळीला कुंकू लावायचं. नऊ वर्षं त्या वेळी ताट मी धरलं होतं.

त्या सकाळी मी सासरच्या गावी, कालचे थेपले आणि दही खात, मेहुण्यासमोर लॅपटॉप उघडून ऐटीत बसलो होतो. पडद्यावर लाल अक्षरं आली: रोलर बंद. रमणीकला फोन लावला, उचलला नाही. मला वाकलेले रोलर दिसायला लागले, शेठ दिसायला लागले. कुंकवाचं ताट तेवढं दिसलं नाही. मी बटण दाबलं. अक्षरं हिरवी झाली.

"पाहिलंत? चुलीला हात न लावता भट्टी चालवली!" मी म्हणालो.

"जमाईराज, तुम्ही तर देवीलाही चकवलंत!" मेहुणा म्हणाला. सगळे हसले. मी आणखी एक थेपला घेतला.

अकरा मिनिटांनी फोन आला. देवशीकाकांची दोन बोटं साखळीत गेली होती.

दुसऱ्या दिवशी शेठनी आम्हाला ऑफिसात बोलावलं. कॉम्प्युटरच्या नोंदीत स्पष्ट होतं: रोलर सुरू केले, रमणीक.

"अल्या, तू बटण दाबून पूजेला गेलास की काय?" शेठ ओरडले.

"बंद केलं होतं, शेठ. दोनदा पाहिलं होतं." मग तो माझ्याकडे वळला. "जेन्तीभाई, बंद केलेलं आपोआप सुरू होतं का हो?"

बाहेरून कोण शिरलं याची यादी वेगळी असते. ती कुठे बघायची हे कारखान्यात एका माणसाला ठाऊक आहे. तो माणूस म्हणाला, "तपासावं लागेल."

"आपोआप काही होत नसतं," शेठ म्हणाले. "घरी बस. बघू पुढे."

रमणीक दारापर्यंत जाऊन वळला. "कदाचित कोपर लागलं असेल," तो म्हणाला. न केलेली चूक तो स्वतःच्या अंगात शोधत होता, आणि माणसाने शोधलं की सापडतंच. संध्याकाळपर्यंत त्याने कबुलीवर सही केली.

चार दिवस मी अहवाल लिहीत होतो. एवढ्या वेळात मी अख्खी भट्टी उलगडून पुन्हा जोडली असती. पाचव्या दिवशी दवाखान्यात गेलो. काकांचा हात पांढऱ्या पट्टीत उंच बांधलेला होता.

"रमणीक रोज येतो," काका म्हणाले. "डबा आणतो आणि रडतो. त्याला सांग, खारट खिचडी नको."

"काका, बटण रमणीकने नाही दाबलं. मी दाबलं."

"तू तर गावी होतास."

"गावाहूनच दाबलं."

त्यांनी ते मनात दोनदा फिरवलेलं मला दिसलं. "मग मी तुला दिसलो नाही?"

"माणूस नाही दिसत, काका. फक्त रोलर दिसतात."

"आणि सातम आहे, हेही दिसलं नाही? ताट तर तूच धरायचास."

काकांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. तिकडेच बघत म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? माझी बोटं तर गेली. त्या पोराची भाकरी अजून राहिलीय. उठ."

मी व्हरांड्यात आलो आणि बाहेरून शिरलेल्यांच्या यादीचा, चार दिवस मोबाइलमध्ये पडून असलेला फोटो शेठना पाठवला, खाली माझं नाव लिहून. पाठवल्यावर लगेच वाटलं, अजून थांबायला हवं होतं. मग त्या वाटण्याचीच लाज वाटली. रमणीकला फोन लावला. या वेळी त्याने पहिल्याच रिंगला उचलला.

"बोला जेन्तीभाई! पॅनलवर काही अडलंय का? लाल दिवा लागला असेल तर घाबरू नका, मी सांगतो..."

"रमणीक," मी म्हणालो, "तुझं कोपर लागलं नव्हतं."